स्पायडर व्हेन्सच्या उपचारात पाय आधी बिघडलेला दिसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४३, दोन बाळंतपणं झालेली, दिवसभर उभं राहण्याची नोकरी. दोन्ही मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला आणि उजव्या घोट्याच्या आतल्या अंगाला लाल-जांभळ्या बारीक शिरांची जाळी आहे. एका डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं, दुसऱ्यांनी लेझर. किती सिटिंग लागतील, किती दुखेल, शिरा कायमच्या जातील का? आणि दहा आठवड्यांवर एक समारंभ आहे, तोवर पाय स्वच्छ दिसतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. दहा आठवड्यांत पाय स्वच्छ होतील असं मी सांगणार नाही. चुकीच्या आठवड्यात इंजेक्शन घेतलंत तर समारंभाच्या दिवशी पाय आजच्यापेक्षा वाईट दिसतील. मी २२ वर्षं शिरांचेच रुग्ण बघते आहे. वैतागून परत आलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांचा उपचार फसलेला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात पाय कसा दिसतो, हे त्यांना कुणी आधी सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

आता ही जाळी म्हणजे काय ते. त्वचेच्या वरच्या थरात केसासारख्या बारीक शिरा असतात, त्या फुगून कायमच्या सैल पडतात. जाडी १ मिलिमीटरपेक्षा कमी असली की त्यांना स्पायडर व्हेन्स म्हणतात. त्यांच्या जराशा खाली १ ते ३ मिलिमीटर जाडीच्या निळसर-हिरवट शिरा असतात, त्या रेटिक्युलर. आणि ३ मिलिमीटरच्या पुढच्या, उभं राहिलं की दोरासारख्या वर येणाऱ्या, त्या व्हेरिकोज. शिरांच्या आजाराचं ‘सीप’ नावाचं वर्गीकरण १९९४ साली ठरलं आणि ते आजही जगभर वापरलं जातं. त्यात स्पायडर आणि रेटिक्युलर दोन्ही सी-१ मध्ये येतात; सी-६ म्हणजे पायावरची उघडी जखम. म्हणजे बहुतेकांची जाळी ही पहिल्या पायरीवरची गोष्ट असते. ती आहे तशी ठेवूनही माणूस सुखाने जगतो. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘आज उपचार केला नाहीत तर उद्या पायात गाठ होईल’ असं घाबरवून उपचार गळ्यात मारणारे कमी नाहीत.

कारणांत सगळ्यात मोठा वाटा घराण्याचा. आईच्या पायावर असतील तर तुमच्याही पायावर यायची शक्यता बरीच. त्यात बायकांची हार्मोन्स, गरोदरपण, वाढतं वय, वजन, तासन्‌तास उभं राहणं आणि कधी कधी त्या जागेला लागलेला मार यांची भर पडते. पायावर पाय टाकून बसल्याने शिरा होतात, हा समज मात्र सोडून द्या. आणि नुकतंच बाळंतपण झालेल्या कुणी हे वाचत असतील तर त्यांनी काहीच करू नये. गरोदरपणात आलेल्या बऱ्याचशा शिरा पुढच्या काही महिन्यांत आपोआप फिकट होतात. वर्षभर थांबून जे उरेल त्याकडे बघावं.

तुमच्या प्रश्नात मला खरी खटकलेली गोष्ट मांडीची जाळी नाही. घोट्याची आहे.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला बारीक शिरांचं एक वेगळंच जाळं असतं आणि ते बहुतेक वेळा पायातल्या मुख्य शिरांच्या आजाराशी संबंध न ठेवता बिघडतं. तिथली जाळी दिसायला कितीही दाट असली तरी सहसा निरुपद्रवी. घोट्याच्या आतल्या अंगाला, पावलाच्या कडेपर्यंत पंख्यासारखी पसरलेली जाळी मात्र वेगळी. आत कुठेतरी मोठ्या शिरेची झडप निकामी होऊन रक्त उलटं खाली येत असल्याची ती खूण असू शकते. ‘सीप’च्या २०२० सालच्या सुधारणेत या पंख्याला थेट सी-४ गटात, म्हणजे त्वचेवर परिणाम झालेल्या अवस्थेत जागा दिली आहे. दिसायला तीच लाल-जांभळी नक्षी, पण पायरी पहिली नव्हे, चौथी.

म्हणून तुमची डॉपलर सोनोग्राफी व्हायलाच हवी. ती उभं राहून करावी लागते, कारण आडवं झाल्यावर शिरांमधला दाब उतरतो आणि उलटा प्रवाह निसटून जातो. पोटरी दाबून सोडतात आणि रक्त किती वेळ मागे येतं ते मोजतात. वरच्या शिरांमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटा प्रवाह दिसला तर झडप गळते असं धरतात. दुखत काही नाही, सुई नाही, तयारी नाही. नुसत्या मांडीवरच्या चार रेषांसाठी प्रत्येकाला डॉपलर लागतेच असं नाही. पण संध्याकाळी पाय जड होणं, घोटे सुजणं, रात्री पोटरीत गोळे येणं, घोट्याभोवती काळपट त्वचा, आधी कधी शिरेत रक्त साकळलेलं असणं किंवा तुमच्यासारखा घोट्याचा पंखा, यांपैकी एक जरी असेल तर तपासणीशिवाय सुई लावणाऱ्या दवाखान्यातून उठून या.

मोठी शीर गळकी निघाली तर आधी तिचा बंदोबस्त करावा लागतो. आत लेझरचा धागा किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीचा कॅथेटर घालून ती उष्णतेने बंद करतात. तो विषय वेगळा, इथे लांबवत नाही. मुद्दा क्रमाचा आहे: वरून खाली, जाडीकडून बारीककडे. हाच नियम लहान प्रमाणात मांडीलाही लागू होतो. स्पायडर व्हेन्सच्या झुपक्याकडे नीट प्रकाशात पाहिलं तर बहुतेकदा एक निळसर रेटिक्युलर शीर त्याच्या मुळाशी जाताना दिसते. आम्ही तिला फीडर म्हणतो, झुपक्याला रक्त पुरवणारी. ती शोधायला त्वचेवर टेकवायचा एक खास दिवा मिळतो.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडून एक चूक वरचेवर व्हायची. रुग्ण बोट ठेवून ‘ही लाल रेघ घालवा’ म्हणायची आणि मी ती रेघ घालवायचे. दोन महिन्यांनी तिथेच नव्या, आणखी बारीक रेघा. पानं खुडत होते, मूळ तसंच. आता पहिल्या सिटिंगला मी कित्येकदा लाल रेघांना हातही लावत नाही, फक्त निळ्या फीडर बंद करते. रुग्ण थोडी हिरमुसते, कारण जे तिला डोळ्यांत खुपत होतं ते तसंच राहतं. पण दुसऱ्या सिटिंगला येते तेव्हा निम्म्या लाल रेघा आपसूक फिकट झालेल्या असतात.

आता इंजेक्शन की लेझर. पायांवरच्या जाळीसाठी माझा कौल इंजेक्शनला, म्हणजे स्क्लेरोथेरपीला. चेहऱ्यावरच्या बारीक लाल शिरांसाठी मी लेझरकडेच पाठवते, पायांसाठी क्वचित. पायातल्या शिरा जास्त खोल असतात, जाड असतात आणि त्यांच्या आत उभ्या माणसाच्या उंचीइतका रक्ताचा दाब असतो. लेझरने वरची रेघ भाजता येते, खालच्या फीडरपर्यंत पोचणं अवघड. शिवाय गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत लेझरचा प्रकाश शिरेपर्यंत जाण्याआधी त्वचेतलं रंगद्रव्यच तो शोषून घेतं. मग पोळल्याचे डाग पडतात किंवा पांढरे ठिपके राहतात. वापरायचाच असेल तर १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर, कारण तो खोल जातो आणि रंगद्रव्यात त्यामानाने कमी अडकतो. ५३२ नॅनोमीटरचं यंत्र सावळ्या पायावर चालवायला मी तयार होणार नाही. सुईची भीती अनावर असणारे, औषधाची ॲलर्जी असणारे आणि सुई शिरणारच नाही इतक्या बारीक लाल शिरा असणारे, यांच्यासाठी लेझरची जागा पक्की आहे. पण लेझर म्हणजे दुखत नाही असं समजून जाऊ नका. तापलेलं रबरबँड त्वचेवर सटकन बसावं तसं लागतं आणि बऱ्याच रुग्णांना ते सुईपेक्षा झोंबतं.

इंजेक्शनच्या दिवशी काय होतं ते सांगते. उपाशी राहायची गरज नाही, भूल नाही. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी पायाला तेल, क्रीम लावू नका आणि त्याच दिवशी पायाचे केस काढू नका. आधी उभं करून शिरांवर खुणा करतात आणि फोटो काढतात. हे फोटो आवर्जून काढायला सांगा. माणूस आपला आधीचा पाय फार लवकर विसरतो. तीन महिन्यांनी ‘काहीच फरक नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाला जुना फोटो दाखवला की तीच गप्प होते. मग आडवं झोपवून ३० नंबरच्या किंवा त्याहून बारीक सुईने औषध सोडतात. ही सुई साधारण ०.३ मिलिमीटर जाडीची असते. एका सिटिंगला दहा-पंधरापासून तीस-चाळीस टोचण्या होऊ शकतात. अर्धा-पाऊण तासात काम संपतं.

औषध म्हणजे बहुतेक ठिकाणी पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, म्हणजे एसटीएस. दोन्ही साबणाच्या जातीची रसायनं आहेत. ती शिरेच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतात, भिंती एकमेकींना चिकटतात, शिरेचा बारीक तंतू होतो आणि शरीर तो हळूहळू शोषून घेतं. रक्ताची काळजी नको. ते शेजारच्या चांगल्या शिरांतून वर जातं. पोलिडोकॅनॉल मुळात जागेची भूल देणारं औषध म्हणून बनवलं गेलं होतं, त्यामुळे ते फारसं झोंबत नाही. अमेरिकेत एसटीएसला १९४६ पासून परवानगी आहे, पोलिडोकॅनॉलला २०१० मध्ये मिळाली. स्पायडरसाठी पोलिडोकॅनॉल अर्धा टक्का, रेटिक्युलरसाठी एक टक्का, असा ढोबळ हिशेब. पूर्वी तीव्र मिठाचं पाणी सर्रास वापरायचे. ते शिरेत जळजळतं, पायात गोळा आणतं आणि शिरेबाहेर सांडलं तर त्वचा मारतं. चांगले पर्याय हाताशी असताना मी ते वापरत नाही.

जरा जाड शिरांसाठी औषधाचा फेस करून देतात. दोन सिरिंज एका तिहेरी नळीला जोडून औषध आणि हवा वीसेक वेळा इकडून तिकडे ढकलली की दाढीच्या फेसासारखा पांढरा फेस होतो. तो रक्ताला बाजूला सारून शिरेच्या भिंतीला चिकटून राहतो, त्यामुळे कमी औषधात जास्त काम होतं. केसासारख्या शिरांना फेस लागत नाही. तिथे पातळ द्रावणच बरं. फेसाने डाग आणि नवी लाल जाळी उठण्याचं प्रमाण वाढतं असा माझा अनुभव.

दुखतं किती? मुंगी चावल्यासारखं, आणि औषध गेल्यावर थोडी चुरचुर. घोटा आणि गुडघ्याची आतली बाजू जास्त संवेदनशील. बहुतेक रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या टोचणीनंतर गप्पा मारायला लागतात. एखाद्या टोचणीला मात्र चांगलीच आग झाली आणि थांबेना, तर लगेच सांगा, सोसत बसू नका. औषध शिरेबाहेर जात असल्याची ती पहिली सूचना असते.

संपल्यावर वीस-तीस मिनिटं दवाखान्यातच चालायचं. हे चालणं दोन कामं करतं: पोटरीच्या स्नायूंचा पंप सुरू राहून खोल शिरांतलं औषध वाहून जातं, आणि ॲलर्जी आलीच तर तुम्ही डॉक्टरांच्या नजरेसमोर असता. गंभीर ॲलर्जी फार विरळ, पण होऊ शकते. त्यासाठीची औषधं हाताशी नसलेल्या सलूनमध्ये ही इंजेक्शनं घेऊ नयेत.

आता त्या आठवड्यांकडे येऊ.

पहिल्या तासात टोचलेल्या जागी गांधी उठतात, डास चावल्यासारख्या, खाज सुटते. संध्याकाळपर्यंत ओसरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाय काळानिळा. कुठे जांभळं, कुठे पिवळं, कुठे लाल ठिपके. हे दोन-तीन आठवडे चालतं. त्याच सुमाराला शिरा नाहीशा होण्याऐवजी जास्त गडद दिसू लागतात. आधी लाल असलेली रेघ आता तपकिरी-काळी, हाताला किंचित कडक. रुग्णांचे सगळ्यात जास्त फोन मला याच टप्प्यावर येतात. ‘डॉक्टर, वाढलं की हो!’ वाढलेलं नसतं. बंद झालेल्या शिरेत थोडं रक्त अडकून साकळलेलं असतं आणि ते त्वचेखालून काळं दिसतं. पाय दाखवायचा असेल तर याच वेळी दाखवा, कारण दोन-तीन आठवड्यांनी ते साकळलेलं रक्त सुईच्या टोकाने बारीकसं छिद्र पाडून पिळून काढता येतं. दोन मिनिटांचं काम, पण दुखणं कमी होतं आणि पुढे पडणारा डागही. रेटिक्युलर शिरांना इंजेक्शन दिलेलं असेल तर मी हे तपासल्याशिवाय सोडत नाही. आपल्याकडे पुढच्या भेटीची तारीख थेट दोन महिन्यांनंतरची देतात आणि ही संधी हुकते.

सहा ते आठ आठवड्यांनी पाय निवळायला लागतो. स्पायडर शिरांचा खरा निकाल तेव्हा दिसतो. रेटिक्युलर शिरांना तीन-चार महिने द्यावे लागतात. एका सिटिंगनंतर टोचलेल्या शिरांपैकी निम्म्याहून जास्त जातात, नशीब चांगलं असेल तर ऐंशी टक्क्यांपर्यंत. शंभर टक्क्यांचा शब्द देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एका भागाला साधारण दोन ते चार सिटिंग लागतात, मध्ये सहा ते आठ आठवडे. लवकर उरकायचं म्हणून दर पंधरा दिवसांनी टोचून घेण्यात अर्थ नाही. काय गेलं आणि काय उरलं हेच तोवर कळलेलं नसतं. काही थोड्या लोकांच्या शिरा औषधाला दादच देत नाहीत. मग औषध किंवा त्याची तीव्रता बदलून पाहायची, आणि तरीही नाही तर फीडर पुन्हा शोधायची.

काय बिघडू शकतं? सगळ्यात जास्त भेटणारा त्रास म्हणजे तपकिरी डाग. शिरेच्या वाटेनेच उमटलेली चहाच्या डागासारखी रेघ. दहापैकी एक ते तीन जणांना कमी-अधिक होते. हा डाग बहुतांशी रक्तातल्या लोहाचा असतो, त्वचेच्या रंगद्रव्याचा नाही. म्हणून गोरेपणाची क्रीमं चोळून तो जात नाही, उलट त्वचा चिडते. शरीर ते लोह हळूहळू उचलून नेतं. सहा महिने ते वर्षभरात बहुतेक डाग विरतात, थोडे त्याहून रेंगाळतात. सावळ्या त्वचेत सूज ओसरताना रंगद्रव्याचीही भर पडते, तिथे ऊन टाळणं आणि सनस्क्रीन यांचा खरा उपयोग आहे. मुरुमांसाठी मिनोसायक्लिन चालू असेल तर आधी सांगा, कारण त्याने डाग गडद होतात.

दुसरा त्रास आम्ही मॅटिंग म्हणतो तो. इंजेक्शननंतर काही आठवड्यांनी त्याच भागात अतिशय बारीक लाल शिरांची साय धरल्यासारखी दिसते. मांडीची आतली बाजू आणि गुडघ्याभोवती जास्त. औषध जरुरीपेक्षा तीव्र होतं, जोरात ढकललं गेलं किंवा फीडर चुकली, यांपैकी काहीतरी बहुधा झालेलं असतं. वजन जास्त असणाऱ्यांत आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्यांतही दिसतं. याला उतावळेपणाने पुन्हा टोचणं म्हणजे आगीत तेल. बहुतेक वेळा तीन महिने ते वर्षभरात आपोआप मिटतं. मिटलं नाही तर मग फीडरचा शोध किंवा लेझर.

त्वचेवर छोटी जखम होणं हे विरळ, पण त्याची मला धास्ती असते. टोचताना त्वचा एकदम पांढरीफटक पडली तर पुढे तिथे काळी खपली धरून व्रण होऊ शकतो. तो भरायला काही आठवडे ते महिने लागतात आणि लहानसा वण राहतो. घोट्याजवळ ही भीती जास्त, म्हणून तुमच्या घोट्याला हात लावणारा माणूस सरावलेला हवा.

खोल शिरेत रक्त साकळणं याहून विरळ. पोटरी एकाच बाजूची सुजली, ताणली, दाबल्यावर दुखायला लागली तर त्याच दिवशी दाखवा. धाप, छातीत कळ किंवा खोकल्यातून रक्त असेल तर फोन करत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. फेस वापरला असेल तर काहींना काही मिनिटं डोळ्यांसमोर झगमग किंवा डोकेदुखी होते, क्वचित छातीत दडपल्यासारखं आणि खोकला. जवळपास चौघांपैकी एकाच्या हृदयात जन्मापासून एक बारीक छिद्र उघडं राहिलेलं असतं आणि हे बुडबुडे त्यातून पलीकडे जाऊ शकतात. अर्धशिशीत डोळ्यांसमोर झिगझॅग दिसत असेल तर ते आधीच सांगा, तिथे फेस टाळता येतो.

गरोदरपणात हा उपचार करायचा नाही आणि अंगावर पाजत असतानाही थांबावं. खोल शिरेत ताजी गाठ, पायाच्या रोहिणीत अडथळा, टोचायच्या जागी जंतुसंसर्ग, अंथरुणाला खिळलेला रुग्ण, त्या औषधाची पूर्वीची ॲलर्जी: यांना नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर उपचार अशक्य नसतो, पण त्या मनाने बंद करू नका.

उपचारानंतर पायाला दाब देणाऱ्या लांब मोज्यांबद्दल, म्हणजे स्टॉकिंग्जबद्दल, डॉक्टरांत मतभेद आहेत आणि तुम्हाला दोन ठिकाणी दोन सल्ले मिळतील. मी २० ते ३० मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाचे देते. स्पायडरसाठी निदान एक आठवडा, रेटिक्युलर शिरा टोचल्या असतील तर तीन आठवडे, दिवसा. त्याने रक्त कमी अडकतं आणि डाग कमी पडतात. दुकानातले नुसते घट्ट मोजे म्हणजे हे नव्हेत. पायाचं माप घेऊन घ्यावे लागतात. मधुमेह असेल किंवा चालताना पोटऱ्या भरून येत असतील तर आधी पायाच्या रोहिण्या तपासून घ्या, कारण रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला दाब घातला तर नुकसान होतं.

कामावर दुसऱ्या दिवशी जाता येतं. दिवसभर उभं राहायचं असेल तर दर तासाला चार पावलं चाला, जागच्या जागी टाचा वरखाली करा. आठवडा-दोन आठवडे जड वजन उचलणं, धावणं, कडकडीत पाण्याची अंघोळ, बाष्पस्नान आणि पायावर थेट ऊन टाळा. लांबचा विमानप्रवास पुढे ढकलता आला तर ढकला.

कायमच्या जातील का? जी शीर पूर्ण बंद होऊन शोषली गेली ती सहसा परत येत नाही. पण शिरा फुगवणारी तुमची प्रकृती तीच राहते, त्यामुळे दोन-चार वर्षांनी नव्या जागी नव्या रेघा येतील. केस पांढरे होण्यासारखंच समजा. काही रुग्ण वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या सिटिंगला येऊन जातात. व्यायाम, वजन, स्टॉकिंग्ज यांनी पाय हलके राहतात, पण आलेली जाळी पुसली जात नाही. व्हिटॅमिन के किंवा घोडचेस्टनटच्या क्रीमांवर पैसे घालवू नका. त्वचेवर चोळलेलं काही फुगलेल्या शिरेची भिंत बंद करत नाही.

आता तुमचे दहा आठवडे. समारंभाला पाय झाकलेला असणार असेल, तर डॉपलर नीट निघाल्यावर मांड्यांचं पहिलं सिटिंग येत्या दोन आठवड्यांत घ्यायला हरकत नाही. आठव्या आठवड्यात काळेनिळेपण गेलेलं असेल, तपकिरी रेघा कदाचित असतील. पाय उघडा दिसणार असेल तर मी समारंभ उरकेपर्यंत सुईला हात लावणार नाही. आजच्या लाल रेघांवर डाग झाकणारं मेकअप छान बसतं. ताज्या काळ्यानिळ्या पायावर ते बसत नाही. डॉपलर मात्र समारंभासाठी लांबवू नका, ती याच आठवड्यात करून घ्या. घोट्याची जाळी मोठ्या शिरेतून येत असल्याचं निघालं तर आधी ती शीर, आणि मांड्यांचा नंबर त्यानंतर.